वेलदोड्याचा पाव

लेकीच्या बाळंतपणाला आमच्या सांगलीच्या बायका पुण्याला जातात, फार तर मुंबईला. मी गेले ती थेट फिनलंडला. 2016 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. जावई तांपेरे नावाच्या गावी नोकरीला. सामानात तीन किलो डिंकाचे आणि हळिवाचे लाडू, वेखंड, बाळंतशेपा आणि बाळासाठी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने लाडवाचा डबा उघडून हुंगला, माझ्याकडे पाहिले आणि निमूटपणे झाकण लावले. आजी कुठल्याही देशाची असो, ती ओळखू येत असावी.

तांपेरे हे गाव दोन सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. वरचे नेसियार्वी सरोवर खालच्या सरोवरापेक्षा अठरा मीटर उंच. त्या उतारावरून गावाच्या ऐन मध्यातून तम्मेरकोस्की नावाचा प्रवाह फेसाळत खाली येतो. या पाण्याच्या जोरावर 1820 साली फिनलेसन नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने इथे कारखाना काढला, आणि पुढे तिथे कापसाची मोठी गिरणी उभी राहिली. तिच्या विणकाम खात्यात 1882 साली विजेचे दिवे लागले. लाल विटांच्या त्या गिरण्या आज जागच्या जागी आहेत, पण आत चित्रपटगृहे आणि उपाहारगृहे आली आहेत. धुराड्यांकडे पाहून मला परळ-लालबाग आठवले. गिरणी गेली तरी धुराडे मागे राहते, ही रीत सगळीकडे सारखीच दिसते.

उजेड मात्र तिथला वेगळा. जूनमध्ये रात्री अकराला अंगणात बसून वर्तमानपत्र वाचावे! बाळाला झोप लागेना आणि बाळाच्या आजीलाही लागेना. सरकारकडून बाळंतिणीला एक मोठे खोके मिळाले, त्यात बाळाचे कपडे, पांघरूण, गादी सगळे आलेले. 1938 पासूनची ही पद्धत. खोके रिकामे झाले की त्याचाच पाळणा करायचा. आमचा नातू पहिला महिना त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच झोपला. मी आपली त्याला रोज वेखंडाची धुरी देत होते, आणि जावईबापू रजा घेऊन घरी बसून बाळाचे लंगोट बदलत होते. आमच्या पिढीच्या पुरुषांना हे सांगितले असते तर त्यांनी पान थुंकून विषय बदलला असता.

शेजारच्या घरात एक तरुण जोडपे राहत होते. त्यांचा चार वर्षांचा मुलगा केसांनी कापसासारखा पांढरा आणि स्वभावाने आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोरासारखा. त्याची आई चांगले इंग्रजी बोले. मी तीस वर्षे हायस्कुलात शास्त्र शिकवलेले, तेव्हा आमचे जमून गेले. एके दिवशी तिने मला कॉफीला बोलावले. टेबलावर ताजा भाजलेला गोड पाव होता, त्याला तिथे पुल्ला म्हणतात. तिने तो मोडला मात्र, आणि सारे घर वेलदोड्याच्या वासाने भरून गेले! उत्तर ध्रुवाच्या वाटेवरच्या त्या गावात आमच्या श्रीखंडाचा वास! फिनलंडची गृहिणी वेलदोड्याशिवाय पुल्ला करीत नाही, हे मला तेव्हा कळले.

मुलगा धावत आला. आईने त्याच्या हातावर पावाचा मोठा तुकडा ठेवला. त्याने दंडावरची छोटी चिकटपट्टी मला अभिमानाने दाखवली. काल त्याचे रक्त तपासायला घेतले होते. मी विचारले, “कशासाठी?” ती सहज म्हणाली, “मधुमेहाच्या तपासणीसाठी. त्याला पुढे तो होण्याचा संभव आहे.”

मी काय करते आहे हे मला कळायच्या आत मी त्या पोराच्या हातातला पाव काढून घेतला.

क्षणभर कोणीच बोलले नाही. मुलाचा ओठ बाहेर आला. त्याच्या आईने शांतपणे तो पाव माझ्या हातून घेतला आणि परत त्याच्या हातात दिला. मला इतके ओशाळल्यासारखे झाले की मी उठून जायला निघाले. तिने मला बसवले. मग मला सांगावेच लागले.

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना, 1964 साली, त्याला मधुमेह झाला. एकाएकी तो घागरभर पाणी पिऊ लागला, हातापायांच्या काड्या झाल्या, आणि एका सकाळी तो शुद्धीवर येईना. दवाखान्यातून तो परत आला तो इन्शुलिनची बाटली घेऊन. घरात शीतकपाट नव्हते. आई ती बाटली ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवी. काचेची पिचकारी आणि सुया रोज पातेल्यात उकळायच्या. लघवी तपासायचे काम माझे. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यायचे, त्यात आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळे राहिले तर दिवस चांगला. हिरवे झाले तर बरा. पिवळे झाले तर काळजी. आणि विटेसारखे तांबडे झाले की आई स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

कारण निकाल आधीच लागला होता. वाड्यातल्या साऱ्या बायकांचे आणि आमच्या आत्याचे एकमत होते. तीन मुलींच्या पाठीवर झालेला मुलगा, आईने त्याला साखर-तूप चारून चारून वाढवला, त्याचे हे फळ. आत्या एकदा सर्वांच्या देखत म्हणाली, “वहिनी, लाडानं विष घातलंस गं पोराला.” आईने त्या दिवसापासून साखर सोडली. दिवाळीला आमच्याकडे चकल्या आणि कडबोळी होत, करंज्या-लाडू कधी झाले नाहीत. भाऊ सोळा वर्षांचा होऊन 1971 च्या पावसाळ्यात तापाचे निमित्त होऊन गेला. आई त्यानंतर एकवीस वर्षे जगली. साखर तिने पुन्हा तोंडात घातली नाही.

माझे सांगून झाल्यावर शेजारीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हा आजार गोड खाल्ल्यामुळे होत नाही. तुमच्या आईला हे कोणीच सांगितलं नाही?”

मी शास्त्राची शिक्षिका. मला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

पुढच्या वेळी ती मुलाला घेऊन तपासणीला निघाली, तेव्हा मला मुद्दाम बरोबर घेऊन गेली. फिनलंडमध्ये 1994 साली सुरू झालेले एक मोठे काम तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयातही चालू होते. तांपेरे, तुर्कू आणि औलू या तीन गावी, आईबापांची संमती असेल तर, जन्मलेल्या बाळाच्या नाळेतल्या रक्ताचे दोन थेंब तपासायचे. त्यातून बाळाची काही जनुके पाहायची. ज्यांच्यात धोका दिसेल त्यांना वरचेवर बोलावून रक्त पाहत राहायचे. फिनलंडने हे आरंभले त्याला कारण आहे. लहान मुलांचा हा मधुमेह जगात सर्वांत जास्त याच देशात. 2005 साली पंधरा वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे 64 जणांना तो नव्याने जडला. 1980 साली हाच आकडा 31 होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एखाद्या विद्यार्थिनीसारखे समोर बसवून समजावले. ते मी माझ्या भाषेत सांगते.

आपल्या शरीराच्या पेशींवर प्रथिनांची जणू छोटी तबके असतात. शरीरातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे त्या तबकांत मांडून पांढऱ्या पेशींना दाखवले जातात. हे आपले, हे परके, अशी ओळखपरेड चालू असते. परके दिसले की पांढऱ्या पेशी हल्ला करतात, म्हणून आपण रोगांतून वाचतो. या तबकांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात. त्यांना एचएलए म्हणतात. पॅरिसच्या झाँ दोसे यांनी 1958 साली त्यांतले पहिले ओळखले आणि 1980 साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ही तबके घराघरांत वेगळी असतात. एक जोड आईकडून येतो, एक बापाकडून. डीआर-तीन आणि डीआर-चार या नावांच्या घराण्यांतली तबके ज्यांना मिळतात, त्यांच्यात कधीकधी स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींचेच तुकडे असे काही मांडले जातात की पांढऱ्या पेशी त्यांना शत्रू समजतात. मग आपलेच सैनिक आपलीच कोठारे जाळत सुटतात. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे ही जाळपोळ मुकाट्याने चालते. बहुतेक कोठारे जळाली की मूल घागरभर पाणी पिऊ लागते. तोवर घरात कुणाला काही कळत नाही.

फरक किती बारीक असतो तेही त्यांनी दाखवले. 1987 साली टॉड, बेल आणि मॅक्डेव्हिट या तिघांनी शोधून काढले की तबकाच्या एका साखळीत सत्तावन्नाव्या जागेवर कोणते अमिनो आम्ल बसले आहे, याच्यावर बरेच अवलंबून असते. तिथे ॲस्पार्टिक आम्ल असेल तर बहुधा संरक्षण, दुसरे काही असेल तर धोका. साखळीतला एक मणी!

“मग ज्याच्याकडे अशी तबकं आहेत त्याला हा आजार होणारच?” मी विचारले.

“छे! दोन्ही धोक्याचे जोड एकत्र आलेल्या शंभर मुलांतसुद्धा पंधरा वर्षांपर्यंत पाच-सात जणांनाच होतो. बाकीची मुलं शाळेत जातात, हॉकी खेळतात, म्हातारी होतात. शिवाय ज्या मुलांना हा आजार होतो, त्यांतल्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणांच्या घरात आईबापांना किंवा भावंडांना तो कधीच झालेला नसतो.”

मी हिशेब केला. भावाची दोन्ही तबके जशीच्या तशी सख्ख्या बहिणीला मिळण्याचा संभव चारांत एक. म्हणजे जे त्याच्या रक्तात होते ते कदाचित माझ्याही रक्तात असेल. मी चांगली सहासष्ट वर्षांची होऊन लाडू बांधते आहे!

शेजारणीच्या मुलाची गोष्ट जरा निराळी होती. त्याच्या रक्तात दोन प्रकारची प्रतिद्रव्ये दिसू लागली होती, म्हणजे आत जाळपोळ सुरू झाली होती. फिनलंड, जर्मनी आणि अमेरिकेतल्या मुलांचा एकत्र अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे अशा दहा मुलांतल्या सातांना दहा वर्षांच्या आत मधुमेह होतो. हे सारे त्याच्या आईला ठाऊक होते, आणि तरी ती त्याला वेलदोड्याचा पाव देत होती. परत येताना मी तिला विचारले, “हे कळून तुम्हाला झोप लागते?” ती म्हणाली, “पहिलं वर्ष लागली नाही. मग वाटलं, मी घाबरून त्याचं बालपण कडू केलं, तर तो आजार यायच्या आधीच आला म्हणायचा.”

पण मला रात्री झोप लागली नाही. त्या उजेडात जागी पडून मी वेगळाच विचार करीत होते. साखरेचा आरोप गेला हे खरे. पण हे शास्त्र वाड्यातल्या बायकांच्या हाती पडले असते तर? त्या म्हणाल्या असत्या, “साखरेतून नाही, मग रक्तातून दिलंस!” आईला आरोपीच्या पिंजऱ्यातून काढायचे आणि दुसऱ्या पिंजऱ्यात घालायचे, एवढेच का हे शास्त्र करणार?

याचे उत्तर मला कारेलियात मिळाले.

जूनच्या अखेरीस तिथे मध्यग्रीष्माचा सण असतो. त्यासाठी शेजारची मंडळी आजीकडे योएन्सूला निघाली आणि मलाही आग्रहाने घेऊन गेली. लेकीने, “आई, जाच तू, हे आहेत ना घरी,” म्हणून मला पिटाळले. आगगाडी पूर्वेकडे निघाली. भूर्जाची पांढरी खोडे, पाइनची काळी राने आणि पाणी, पुन्हा राने आणि पुन्हा पाणी. त्या देशात सरोवरे किती आहेत हे मोजण्याचा नाद मी कुओपिओच्या दक्षिणेलाच सोडला. योएन्सूहून आम्ही कोलीच्या टेकडीवर गेलो. उंची अवघी 347 मीटर, आपल्या डोंगरांपुढे पोरच. पण वर पांढऱ्या गारगोटीच्या खडकावर उभे राहिले की खाली पिएलिनेन सरोवर आणि त्यात विखुरलेली बेटे दिसतात. माणूस आपोआप हळू बोलू लागतो. रात्री काठावर होळीसारखी मोठी आग पेटवली. आपण होळीला बोंब मारतो, ते लोक गप्प उभे राहतात.

आजी एक्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी माझ्यासाठी कारेलियाची खास करंजी केली होती. करंजीच म्हणते मी तिला! राईच्या पिठाची पातळ पारी, आत मऊ तांदळाची खीर, आणि कडेने बोटांनी घातलेली मुरड. फक्त वरून उघडी आणि गोड नाही, आणि तिच्यावर लोण्यात कालवलेले अंडे. मी न विचारता एक पारी घेऊन मुरड घातली. आजींनी ती निरखून पाहिली, नातसुनेला फिनिशमध्ये काहीतरी म्हटले. ती हसून म्हणाली, “आजी म्हणतात, ही बाई आमच्याकडचीच आहे.”

आजींचा जन्म लादोगा सरोवराकाठचा. तो मुलूख युद्धात रशियाकडे गेला. चार वर्षांच्या असताना एकदा आणि नवव्या वर्षी, 1944 साली, पुन्हा, अशी दोनदा त्यांनी घर सोडले. चार लाखांहून अधिक कारेलियन माणसे अशी गुरेढोरे घेऊन पश्चिमेला आली. उल्हासनगरच्या सिंधी बायांच्या तोंडून मी अशाच हकीकती ऐकल्या होत्या. आजी खिडकीतून पूर्वेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तिकडे.”

आणि त्या ‘तिकडे’ची गोष्ट शेजारणीने मला सांगितली. सीमेपलीकडेही कारेलियाच आहे, रशियन कारेलिया. शास्त्रज्ञांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांचा अभ्यास करून तो 2005 साली प्रसिद्ध केला. धोक्याच्या तबकांचे प्रमाण इकडे जेवढे, तिकडेही तेवढेच निघाले. पण मधुमेह तिकडे एक षष्ठांश! रान तेच, थंडी तीच, सूर्य तोच, जनुकेही तीच. मध्ये फक्त माणसांनी आखलेली रेघ. मग फरक कशाचा? तिकडची घरे गरीब, विहिरीचे पाणी, मातीत खेळणारी पोरे, पोटात निरनिराळे जंतू. इकडे सगळे धुतलेले, पुसलेले. काहींना वाटते की लहानपणी जंतूंशी ओळख न झालेल्या सैनिकांना शत्रू-मित्र कळत नाही. काहींचा संशय आतड्यातल्या विषाणूंवर आहे. एकच एक गुन्हेगार अजून कोणाला सापडलेला नाही.

मला मात्र जे हवे होते ते सापडले. जनुके हे जर विधिलिखित असते, तर त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखीच मुले आजारी पडली असती. आईने दिले ते फक्त तबक, आणि तेही अर्धे. तशीच तबके मिळालेली हजारो मुले धडधाकट आहेत. ज्या तबकाने माझ्या भावाचा घात केला, त्याच जातीची तबके आपल्या पूर्वजांपासून साथीच्या रोगांशी लढत आली. यात देणाऱ्याचा अपराध शोधायचा कुठे?

आणखी एक गोष्ट मनाला लागली. शरीर आपल्याच स्वादुपिंडावर उलटते याचा पुरावा देणारी प्रतिद्रव्ये लंडनमध्ये 1974 साली दाखवली गेली, आणि एचएलएचा या आजाराशी संबंधही त्याच वर्षी कोपनहेगनहून मांडला गेला. भाऊ जाऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. आई 1992 पर्यंत होती. अठरा वर्षे! त्या अठरा वर्षांत मी रोज फळ्यावर पेशींच्या आकृत्या काढीत होते. ही बातमी मी शोधली नाही, कारण आईचा अपराध मलाही मनातून खरा वाटत होता. हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिले पाहिजे.

त्या पांढऱ्या केसांच्या मुलाला 2020 साली, आठव्या वर्षी, मधुमेह झालाच. पण तो बेशुद्ध होऊन नव्हे. नेमाच्या तपासणीत साखर थोडी वर दिसली आणि त्याच आठवड्यात इन्शुलिन सुरू झाले. आता तो पट्ट्याला छोटे यंत्र लावून हॉकी खेळतो. आजार दोन-एक वर्षे पुढे ढकलणारे औषध 2022 साली अमेरिकेत मंजूर झाले. त्याला ते उपयोगाचे नव्हते, पुढच्या मुलांना होईल. फिनलंडने 2023 च्या अखेरीस रशियाकडची ती सीमा बंद केली. आजीही आता नाहीत.

मी सांगलीला परतले ती ऑगस्टात. दिवाळीत आत्याकडे गेले. आत्या तेव्हा शहाऐंशीची होती, कान शाबूत, जीभही. मी घरून करंज्या करून नेल्या होत्या. बावन्न वर्षांनी आमच्या घरात करंजीला मुरड पडली होती. आत्याने एक हातात घेतली आणि म्हणाली, “तुझ्या आईच्या घरी गोड?”

मग मी तिला सगळे सांगितले. तबके, पांढऱ्या पेशी, सीमेची रेघ, वेलदोड्याचा पाव. शाळेत सांगत असे तसे, सोपे करून. आत्याने मध्ये एकदाही तोडले नाही. माझे संपल्यावरही ती बराच वेळ हातातली करंजी नुसती फिरवीत बसली. मला वाटले, तिला काही कळले नाही.

मग ती म्हणाली, “म्हणजे वहिनीनं अठ्ठावीस वर्षं बिनसाखरेचा चहा प्यायला, तो उगाच?”

मी काही बोलले नाही. आत्याने करंजी तशीच ताटात ठेवली आणि सुनेला हाक मारून सांगितले, “माझ्या चहात आज साखर घालू नकोस गं.”